डोक्याचा मार, मणक्याचा गॅप आणि नागपूरचा रस्ता

वर्षावासातली गोष्ट. सानगडीच्या विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन आटोपलं. पुरुष मंडळी उठून गेली आणि बाया थांबल्या. रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीत वाकून आलेल्या बाया भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. आम्ही पिशवीतून बीपीचं मशीन काढलं आणि प्रश्न सुरू झाले.

"माझ्या मणक्यात गॅप आहे म्हणते डाक्टर. आपरेशन करा लागन का जी?"

"पोराला फिट येते. कोनी म्हणते बाहेरचं आहे."

एका आजीनं विचारलं, "लकव्याचं औषध कुठं चांगलं भेटते? जावई पडला आहे तीन दिवसांपासून."

तीन दिवस! आमच्या हातातला पट्टा तसाच राहिला. त्या रात्री दीड-दोन तास बोलणं झालं. तेच इथं सगळ्या वस्त्यांसाठी नीट मांडून सांगत आहोत.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. मेंदू आणि मणक्याच्या बहुतेक दुखण्यांना ऑपरेशन लागत नाही. पण काही दुखणी अशी आहेत की त्यांत दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात. सानगडीहून साकोली, पुढे लाखनी, भंडारा आणि मग नागपूर, हा रस्ता शंभर किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे आपल्या वाट्याचे काही तास रस्त्यातच जातात. रस्ता आपण कमी करू शकत नाही. घरात वाया जाणारा वेळ मात्र कमी करू शकतो.

न्यूरोसर्जन म्हणजे नेमका कोण?

मेंदू, पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मज्जारज्जू आणि त्यातून निघून हातापायांत जाणाऱ्या नसा, हे सगळं एकाच यंत्रणेचं काम. घरातल्या विजेसारखं समजा. मेंदू म्हणजे मीटर, मज्जारज्जू म्हणजे मोठी केबल आणि नसा म्हणजे खोल्याखोल्यांत गेलेल्या तारा. बिघाड कुठं आहे त्यावर कुठला दिवा बंद पडेल ते ठरतं. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात-पाय जातो, आणि कमरेत नस दबली की कळ पोटरीत येते.

या यंत्रणेचे डॉक्टर दोन प्रकारचे. न्यूरोफिजिशियन गोळ्या-औषधांनी उपचार करतात. फिट, लकवा, अर्धशिशी, हातपाय थरथरणं हे त्यांचं काम. न्यूरोसर्जन ऑपरेशन करतात. डोक्यात साचलेलं रक्त, गाठ, डोक्यात तुंबलेलं पाणी, दबलेला मज्जारज्जू, मोडलेला मणका हे त्यांच्याकडं जातं. कोणाकडं जायचं हे तुम्ही घरी बसून ठरवायची गरज नाही. पहिला डॉक्टर ते ठरवतो. तुम्ही फक्त वेळेवर पोचायचं.

आणि एक भीती मनातून काढा. न्यूरोसर्जनकडं गेलं म्हणजे डोकं उघडलंच असं नाही. त्यांच्याकडं कंबर घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना ते औषध आणि व्यायाम सांगूनच परत पाठवतात. आपल्या देशात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. आमच्या आज्यांच्या काळात डोक्याला मार लागलेला माणूस देवाच्या भरवशावर सोडत, कारण दुसरा भरवसाच नव्हता. आज तो नागपुरात आहे, सरकारी दवाखान्यात आहे.

"झोपला म्हणून बरं वाटलं जी"

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात लागलो होतो तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीनंतरचे मंडईचे दिवस. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा रात्री मंडईतली दंडार पाहून मोटारसायकलनं परत येत होता. वळणावर गाडी घसरली. डोकं आपटलं, दोन मिनिटं बेशुद्ध पडला आणि मग उठला. सोबत्यांशी बोलला, घरी येऊन चहा प्याला. डोकं दुखतं म्हणाला आणि झोपला. घोरण्याचा आवाज येत होता म्हणून घरचे निश्चिंत झाले. सकाळी तो उठेना.

आमच्याकडं आणला तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि उजेड टाकला तरी आकसत नव्हती. पुढं पाठवला, पण तो नागपूरला पोचला नाही. त्याच्या आईचं वाक्य आम्हाला अजून ऐकू येतं: "झोपला म्हणून बरं वाटलं जी."

तिची चूक नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. झालं असं होतं की कवटीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी फाटली. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत गेलं. सुरुवातीला मेंदूवर दाब कमी असतो, म्हणून माणूस उठतो, बोलतो. रक्त वाढलं की दाब वाढतो आणि गुंगी येते. तीच गुंगी आपल्याला झोप वाटते. हे रक्त वेळेवर काढलं तर माणूस चालत घरी येतो. मेंदूच्या सगळ्या ऑपरेशनांत जीव वाचवणारं आणि फळ देणारं असं हे ऑपरेशन आहे, पण ते तासांत व्हायला हवं.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना:

- थोडा वेळ का होईना, शुद्ध गेली होती किंवा अपघात आठवत नाही
- पुन्हा पुन्हा उलटी
- डोकेदुखी वाढत जाते
- गुंगी, बरळणं, ओळख न पटणं
- झटके
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पातळ पाणी
- एक हात किंवा पाय कमजोर, किंवा एक बाहुली मोठी
- दारू प्यालेला माणूस पडला आहे (गुंगी दारूची की माराची, हे घरी कळत नाही)

यातलं काहीच नसेल आणि डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल, तरी पहिली रात्र दर दोन तासांनी उठवा. नाव विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा. उठत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. आजोबा न्हाणीत घसरले, टेंगूळ आलं, बरं झालं, सगळे विसरले. तीन-चार आठवड्यांनी आजोबा विसरायला लागतात, चालताना एका बाजूला झुकतात, दिवसभर झोपतात. घरचे म्हणतात, वय झालं. दर वेळी ते वय नसतं. डोक्यात हळूहळू साचलेलं जुनं रक्त असू शकतं, आणि कवटीला छोटं भोक पाडून ते काढता येतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर साध्या मारालाही हलकं घेऊ नये.

आणि हेल्मेट. साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्या पोरांच्या रोजच्या वाटेवर आहे. हेल्मेट हँडलला लटकवून कोणाचं डोकं वाचलेलं आम्ही पाहिलं नाही.

लकवा: कबुतराचं रक्त नको, घड्याळ पाहा

लकवा म्हणजे मेंदूचा झटका. मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. रक्त थांबलं की एका मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. कबुतराचं रक्त चोळणं, शेकोटी, दोरा, तेल हे सगळं चालू असताना आत हेच घडत असतं.

ओळखायला डॉक्टर लागत नाही. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली पडतो का? एक साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ जड झाली का? यातलं एक जरी अचानक झालं असेल तर घड्याळ पाहा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन लागतो. कारण रक्तवाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. म्हणून घरी मनानं कोणतीही गोळी देऊ नका. पाणी, चहा, दूध काहीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू काम करत नसतील तर ते फुप्फुसात जातं. साडेचार तास उलटले म्हणून जायचंच नाही, असंही नाही. काही रुग्णांची गुठळी तारेनं नंतरही काढता येते. आणि मेंदूत मोठी सूज आली किंवा रक्तस्राव झाला तर न्यूरोसर्जनची गरज तेव्हाही पडते. पाच-दहा मिनिटं हात गेला आणि परत आला, तर "बरं झालं" म्हणून बसू नका. तो मोठ्या झटक्याचा निरोप असतो.

लकव्यामागं बहुतेक वेळा बीपी, साखर, तंबाखू-खर्रा आणि दारू असते. बीपी दुखत नाही, म्हणून गोळी बंद करतात. बीपीची गोळी दुखण्याची नसते, झटका टाळण्याची असते. साखरेचंही तसंच. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत पायांच्या नसांच्या दुखण्यानं ते हैराण होते, हे त्यांच्या चरित्रात आपण वाचतो. पायांची आग, मुंग्या म्हणजे मणकाच असं धरू नका. आधी साखर तपासा.

लहान पोराला लकवा? हो, सिकलसेलमुळं

ही गोष्ट आपल्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

"लकवा म्हाताऱ्यांना होतो" असं आपण म्हणतो. पण पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हापासून आपल्या भागातलं हे दुखणं नोंदीवर आहे. आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात त्याचं प्रमाण जास्त सापडतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांत हा जनुक टिकून राहिला, कारण एकाच बाजूनं आलेला हा जनुक मलेरियापासून काही प्रमाणात वाचवतो. दोन्ही बाजूंनी आला की मात्र आजार होतो.

सिकलसेलमध्ये गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडात अडकल्या की असह्य दुखतं, ते आपण ओळखतो. पण त्याच पेशी मेंदूच्या रक्तवाहिन्याही अरुंद करतात. मग चार-पाच वर्षांच्या, आठ-दहा वर्षांच्या लेकरालाही झटका येऊ शकतो. पोरगं अचानक पाय ओढायला लागतं, हातातली वाटी पडते, बोलणं अडखळतं, तोंड वाकडं होतं किंवा फिट येते. कधी बाहेरून काहीच दिसत नाही. पण चांगलं शिकणारं पोर अभ्यासात मागं पडतं, मास्तर आळशी म्हणतात, आणि आत छोटे छोटे झटके येऊन गेलेले असतात.

अशा पोराला तेल चोळत बसू नका. १०८ बोलवा आणि पहिलं वाक्य हे सांगा: "याला सिकलसेल आहे." त्यावरून पुढचा उपचार बदलतो. त्याला रक्त द्यावं लागतं, कधी जुनं काढून नवं द्यावं लागतं, आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून पुढंही उपचार चालू ठेवावे लागतात.

झटका यायच्या आधीही धोका ओळखता येतो. डोक्यावर बाहेरून यंत्र लावून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात. त्याला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. दोन ते सोळा वर्षांच्या सिकलसेल रुग्ण मुलामुलींसाठी ही तपासणी सांगितलेली आहे. नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेलात की "आमच्या लेकराची ही तपासणी करायची का?" असं विचारा. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केली असेल तर मनानं बंद करू नका.

ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांनी आधी ती करावी. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे आणि रक्ताची पहिली चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाची बोलणी करताना पत्रिका न पाहणाऱ्या आपल्या घरांनी ही एक पत्रिका जरूर पाहावी. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा.

फिट: बाहेरचं काही नसतं

फिट, मिरगी, झटके म्हणजे मेंदूतल्या विजेचा क्षणिक गोंधळ. कांदा, चप्पल नाकाला लावून तो थांबत नाही. दातांत चमचा घालू नका, दात मोडतात. माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा आणि वेळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, एका मागून एक आलं किंवा शुद्ध येत नसेल तर १०८. नियमित औषधांनी दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट बंद राहू शकतात.

आपल्या देशात फिटचं एक मोठं कारण आहे मेंदूत गेलेली फितकृमीची अळी. "हे डुक्कर खाणाऱ्यांनाच होतं" असं बोलून आपल्या लोकांना हिणवलेलं आम्ही ऐकलं आहे. ते चूक आहे. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर जंत पोटात वाढतो, हे खरं. पण मेंदूत जाणारी अळी येते ती जंताच्या अंड्यांतून. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, पालेभाजीवर आणि न धुतलेल्या हातावर येतात. आयुष्यभर माळ घातलेल्या माणसालाही हे होतं. हात धुणं, भाजी धुणं, संडासाचा वापर आणि मांस पूर्ण शिजवणं हा त्यावरचा उपाय. बहुतेकांना औषधं पुरतात. मेंदूत पाणी तुंबलं तरच सर्जन लागतो.

मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर मात्र स्कॅन करून घ्याच. त्याचप्रमाणं सकाळी उठताच डोकं दुखणं आणि सोबत उलटी, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, एकाचे दोन दिसणं, शांत माणसाचा स्वभाव अचानक बदलणं, हे मेंदूतल्या गाठीचं लक्षण असू शकतं. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, डोक्यात काही फुटल्यासारखी, क्षणात आली तर त्याच तासाला निघा. तो रक्तस्राव असू शकतो.

बाळांचंही सांगतो. डोकं वयापेक्षा भरभर मोठं होत असेल, टाळू फुगली असेल, डोळे खाली वळलेले दिसत असतील तर डोक्यात पाणी साचत असेल. बारीक नळी बसवून ते पोटात सोडता येतं. जन्मतः पाठीवर गाठ किंवा उघडी जखम असेल तर स्वच्छ ओल्या कपड्यानं झाकून लगेच न्या. हे बऱ्याच अंशी टाळता येतं. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यावी लागते, कारण बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच बंद होतो, बाईला कळायच्या आधी. लग्न झालेल्या मुलींनी आशाताईंकडं आजच मागावी. सिकलसेल असेल किंवा फिटची गोळी चालू असेल तर किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

मणक्यातला "गॅप"

आता पहिल्या प्रश्नाकडं येऊ. प्रत्येक वस्तीत कोणाच्या ना कोणाच्या मणक्यात "गॅप" असतो. खरं तर उलट झालेलं असतं. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी गादी असते. वयानं, ओझ्यानं, वाकून वाकून ती झिजते आणि दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं. कधी गादीचा भाग बाहेर सरकून नसेवर दाब देतो आणि कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत जाते. तिला सायटिका म्हणतात.

पण एमआरआयच्या कागदावर "गादी झिजली" लिहिलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्या १०० पैकी सुमारे ३७ आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ जणांत झिजलेली गादी सापडली. म्हणजे ती पिकलेल्या केसांसारखी गोष्ट. उपचार कागदावर होत नाही, त्रासावर होतो. साध्या कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण सहा आठवड्यांत बरे होतात. महिनाभर खाटेवर पडून राहू नका, त्यानं पाठ आणखी कमजोर होते. जमेल तेवढं चालत राहा. आणि पाठीवर पाय देऊन, मान झटकून "मणका बसवणाऱ्या" माणसाकडं अजिबात जाऊ नका.

रोवणीत तासभर वाकल्यावर दोन मिनिटं सरळ उभं राहून पाठ मागं ताणा. डोक्यावरचा भारा उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाका. विडी वळणाऱ्या बायांनी सूप मांडीवर न ठेवता थोडं उंच पाटावर ठेवा, म्हणजे मान खाली राहणार नाही.

आता धोक्याची लक्षणं. इथं लाज आड येते म्हणून उघड सांगतो. एक बाई चार दिवस कमरेच्या कळेनं पडून होती. लघवी अडत होती, खालची जागा बधिर झाली होती. नवऱ्याला कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी पाय लटके पडले. ऑपरेशन झालं, पाय परत आले, पण लघवीवरचा ताबा पूर्ण आला नाही. पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर कदाचित तोही आला असता. बायांनो, हे दुखणं लाजेपेक्षा मोठं आहे. आपल्या सुनेला, मुलीला हे आजच सांगा.

- लघवी अडणं, किंवा लघवी-संडास नकळत होणं; सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर होणं: त्याच दिवशी, त्याच तासाला
- दोन्ही पाय कमजोर होणं, किंवा पंजा उचलता न येणं, चप्पल पायातून निसटणं: त्याच दिवशी
- बोटांनी विडी वळता न येणं, गुंडी न लागणं, सुईत दोरा न जाणं आणि चालताना पाय ताठ होणं. हे मानेतला मज्जारज्जू दबल्याचं लक्षण आहे, मान दुखत नसली तरी: थोड्याच दिवसांत
- रात्री वाढणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप, वजन घटणं. मणक्याचा टीबी असू शकतो: त्याच आठवड्यात

मणक्याचा टीबी औषधानं बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, पण ते वर्षभर किंवा जास्त काळ घ्यावं लागतं. मधेच सोडलं तर मणका खचतो आणि पाय जातात. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. सिकलसेलच्या रुग्णाची कंबर-मांडी दुखत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. तो मणका नसेल, खुब्याच्या हाडाचं रक्त बंद झालं असेल. डॉक्टरांना खुब्याचाही फोटो विचारा. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्याला सिकलसेल आहे हे आधी सांगायचं.

पावसाळ्याआधी कवेलू फेरताना घरावरून, किंवा झाडावरून, बैलबंडीवरून कोणी पडलं तर खांद्या-पायाला धरून उचलू नका. मणका मोडला असेल तर त्या एका उचलण्यानं मज्जारज्जू तुटू शकतो. डोकं आणि मान एका माणसानं दोन्ही हातांनी सरळ धरायची. चार माणसांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं अख्खं शरीर एकदम वळवायचं आणि दार, फळी अशा सपाट वस्तूवर घ्यायचं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं तर कधीच नाही.

रस्ता, कागद आणि पैसा

महाराष्ट्रात २०१४ पासून चालणारी १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. फोन करताना गाव, ओळखीची खूण आणि "डोक्याला मार", "लकवा" किंवा "मणका" हा शब्द सांगा. आधी साकोलीचं उपजिल्हा रुग्णालय किंवा भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, तिथं श्वास-रक्तदाब सांभाळून पुढं नागपूर. तिथल्या डॉक्टरांना विचारा, "सिटी स्कॅन आत्ता होईल का? नसेल तर लगेच पुढं पाठवा." हा प्रश्न उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपलं "मेडिकल", त्याचं "सुपर", आणि मिहानमधलं एम्स, इथं न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत. रेफर चिठ्ठी, स्कॅनची फिल्म आणि चालू गोळ्या सोबत हव्यात.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मेंदू आणि मणक्याची अनेक ऑपरेशनं तिच्यात येतात. आता आयुष्मान भारतसह कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. जीव धोक्यात असताना मात्र कागदासाठी घरी थांबू नका, ते मागून आणता येतात. रस्ता अपघातासाठी ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यातून होतो. आणि जखमीला उचलणाऱ्यानं पोलिसांना घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

ऑपरेशन सांगितलं तर घाबरून पळू नका आणि घाईनं जमीनही गहाण टाकू नका. चार प्रश्न विचारा. ऑपरेशननं नेमकं काय बरं होईल? थांबलो तर काय बिघडेल? धोका किती? योजनेत बसतं का? तातडीचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

त्या आजीच्या जावयाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. त्याच रात्री विहारासमोरून १०८ बोलावली. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. पण बीपी आटोक्यात आणलं, व्यायाम सुरू केला. आता तो काठी घेऊन चालतो. हातात अजून जोर नाही. "पहिल्याच दिवशी फोन केला असता तर?" असं आजीनं विचारलं. आम्ही खरं ते सांगितलं: कदाचित काठी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी बायांनी विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: तोंड वाकडं, हात खाली, बोली जड, डोक्याचा मार आणि उलटी, कमरेत कळ आणि लघवी बंद. खाली मोठ्या आकड्यात १०८. रोज वंदनेला येणारं प्रत्येक पोर ते वाचतं. तुमच्या वस्तीच्या विहारातही एक फळा असेलच. या पौर्णिमेला एवढं लिहून टाका.

जय भीम.